मेंदूतून हार्मोन निघतं, हे त्यांनी दोरा आणि सुरवंट वापरून शोधलं. नाझींनी त्यांना गोळ्या घातल्या

एक सुरवंट घ्या. त्याच्या अंगाला मधोमध दोरा घट्ट बांधा. आता सांगा, कोष पूर्ण सुरवंटाचा होईल की अर्ध्याच?

वाचायला विचित्र वाटतं, पण कीटकांच्या हार्मोन्सचं अख्खं शास्त्र या दोऱ्यापासून सुरू झालं. दोरा बांधणारा माणूस होता पोलंडचा स्टेफान कोपेच.

जन्म १८८८ चा. शिक्षण क्राकोच्या यागिएलोनियन विद्यापीठात. जिप्सी पतंग म्हणजे झाडांची पानं फस्त करणारी कीड. तिच्यावर त्यांनी सुरुवातीपासून काम केलं. आधी प्रश्न होता प्रजननाचा. कोंबड्याचे वृषण काढले की त्याचा तुरा आक्रसतो. सुरवंटाच्या प्रजनन ग्रंथी काढल्या तर? काहीच नाही. नराचे पंख नराचेच, मादीचे मादीचेच. म्हणजे इथे हुकूम दुसरीकडून येत होता.

मग ते मेंदूकडे वळले. शेवटची कात टाकल्यावर लगेच सुरवंटाचा मेंदू काढला, तर तो जगायचा, पण कोष काही केल्या होईना. साधारण दहा दिवसांनंतर काढला, तर कोष व्यवस्थित. दोऱ्याचंही तेच. लवकर बांधला तर फक्त डोक्याकडचा भाग कोषात जायचा, मागचा सुरवंटच राहायचा. उशिरा बांधला तर दोन्ही भाग बदलायचे.

तुम्ही म्हणाल, मज्जातंतूंतून निरोप जात असेल. कोपेचनी मज्जारज्जू कापून बघितला. कोष तरीही झाला! म्हणजे मेंदूतून काहीतरी रक्तात उतरत होतं.

हे १९१७ साली छापून आलं, १९२२ ला इंग्रजीतही आलं. पण मेंदू हार्मोन सोडतो ही कल्पनाच तेव्हा कुणाच्या पचनी पडणारी नव्हती. बरीच वर्षं फारसं कुणी लक्ष दिलं नाही. कोपेच मात्र थांबले नाहीत. पुवावीच्या शेती संशोधन संस्थेत असताना सुरवंटांना उपाशी ठेवलं तर वाढ आणि आयुष्य कसं बदलतं, यावरही त्यांनी काम केलं. १९३२ मध्ये ते वॉर्सा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

१९३४ पासून इंग्लंडच्या विन्सेंट विगल्सवर्थनी रक्त शोषणाऱ्या एका कीटकावर असेच प्रयोग केले आणि धागा पुढे गेला. मेंदूमागची एक बारीकशी ग्रंथी काढली तर मादीची अंडी पिकत नाहीत, हे त्यांनी १९३६ मध्ये दाखवलं. ही ग्रंथीही मेंदूच्या इशाऱ्यावर चालते. पुढे जपानी संशोधकांनी रेशीमकिड्याच्या मेंदूतून कोष घडवणारं हार्मोन वेगळं काढलं. सोबत इन्सुलिनच्याच घराण्यातलं आणखी एक सापडलं, ते किड्याच्या रक्तातली साखर सांभाळतं. वाढ, अंडी, साखर, सगळ्यांची सूत्रं मोहरीएवढ्याही नसलेल्या मेंदूकडे!

हे पाहायला कोपेच नव्हते.

वॉर्सा तेव्हा जर्मनांच्या ताब्यात होतं. ७ मार्च १९४१ ला जर्मनांना सामील झालेला अभिनेता इगो सिम याला पोलिश भूमिगतांनी घरात गोळी घातली. बदला म्हणून चारच दिवसांनी, ११ मार्चला, शहराबाहेरच्या पाल्मिरीच्या जंगलात २१ जणांना उभं करून मारलं. त्यात वॉर्सा विद्यापीठाचे दोन प्राध्यापक होते. एक इतिहासाचे काझिमिएश झाक्शेव्स्की, दुसरे कोपेच.