इंदूरचे छात्र : फील्ड मार्शल करिअप्पा

कोडंडेरा मडप्पा करिअप्पा हे नाव निघाले की १५ जानेवारी १९४९ हा दिवस आठवतो. त्या दिवशी सेनेचे आधिपत्य प्रथमच एका भारतीयाकडे आले. परंतु या वाटचालीचा आरंभ इंदुरात झाला, हे खुद्द इंदूरकरांच्याही सहसा ध्यानी नसते.

कूर्गमध्ये १८९९ साली जन्मलेले करिअप्पा मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकत होते. ग्रंथवाचन आणि हॉकी-टेनिस यांत रमणारा हा विद्यार्थी. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदी तरुणांना राजाचे कमिशन देण्याचे ठरले व त्यासाठी संस्थानिकांच्या कुमारांच्या डेली कॉलेजात छात्रशाळा निघाली. महसूल खात्यातील नोकरदाराच्या या मुलाची तेथे निवड झाली. कॉलेजातील मोकळीक संपली, कवायतीची शिस्त अंगी बाणली. १ डिसेंबर १९१९ रोजी ते सातव्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले.

हाती आले ते मात्र तात्पुरते कमिशन. कायम कमिशनसाठी सप्टेंबर १९२२ उजाडला, आणि त्यावर तारीख पडली १७ जुलै १९२० ची. कारण १६ जुलैस सँडहर्स्टहून बाहेर पडलेले अधिकारी ज्येष्ठ ठरावयाचे होते! साडेसात महिने आधी उत्तीर्ण झालेला छात्र असा एका दिवसाने कनिष्ठ झाला. ज्येष्ठतेवर बढती ठरणाऱ्या सेनेत हा फटका लहान नव्हे.

तरीही १९३३ साली क्वेट्टाच्या स्टाफ कॉलेजात प्रवेश मिळविणारे आणि १९४२ साली पलटणीचे नेतृत्व करणारे पहिले भारतीय अधिकारी तेच. १९८६ साली ते फील्ड मार्शल झाले. १५ मे १९९३ रोजी बंगळूर येथे निवर्तले. इंदूरची ती छात्रशाळा एकच तुकडी घडवून १९१९ मध्येच बंद पडली होती.