आट्यांचा कारागीर : सर जोसेफ व्हिटवर्थ

दारव्हा तालुक्यातील एका गावी मी मुख्याध्यापक होतो, तेव्हाची ही गोष्ट. उन्हाळ्याचे दिवस होते. शाळेच्या टाकीचा नळ जुना होऊन गंजला, म्हणून टाकी व नळ यांना जोडणारा वीतभर लांबीचा नवा तुकडा परगावाहून मागविला. त्याच्या दोन्ही टोकांना आटे होते. परंतु तो टाकीच्या तोटीत फिरविला, की दोन-तीन फेरे सहज जाई आणि मग अडे. गवंड्याने त्याला दोरा गुंडाळला, सफेदा लावला, पान्याला लटकून तो आवळला. तरी पाणी ठिबकतच राहिले. सकाळी भरलेली टाकी मधल्या सुट्टीपर्यंत निम्मी होई, आणि पाणी तर त्या दिवसांत दुरून गाडीवर येत असे.

अखेरीस तो तुकडा मी दारव्ह्याच्या एका लेथवाल्याकडे नेला. त्याने दातेरी पट्ट्यांचा एक जुडगा काढला, त्यांतील एक पट्टी आट्यांवर बसविली व उजेडापुढे धरून मला पाहावयास सांगितले. एका इंचात चौदा आटे. म्हणजे संख्या बरोबर होती. पण पट्टीचे दात व आट्यांच्या खाचा यांच्यामधून उजेडाची एक बारीक रेघ येत होती. तोटीच्या आट्यांचा कोन ५५ अंशांचा आणि या तुकड्याच्या आट्यांचा ६० अंशांचा! पाच अंशांच्या फरकातून आमचे पाणी वाहून जात होते.

मुलांनो, हे ५५ अंश कोणी ठरविले असतील? ते ठरविणारा पुरुष यवतमाळपासून हजारो मैल दूर, इंग्लंडात जन्मला. त्याचे नाव जोसेफ व्हिटवर्थ.

मँचेस्टर शहराजवळच्या स्टॉकपोर्ट या गावी २१ डिसेंबर १८०३ रोजी त्याचा जन्म झाला. वडील शाळामास्तर होते; पुढे ते धर्मोपदेशक झाले. जोसेफला लहान वयातच त्याच्या मामाच्या सूतगिरणीत उमेदवारीस ठेवण्यात आले. मुलाने धंदा शिकावा आणि पुढे गिरणीत भागीदार व्हावे, असा घरच्यांचा बेत होता. बेत वाईट नव्हता. त्या काळी मँचेस्टरच्या आसमंतात कापसाला सोन्याचा भाव होता. पुढे आपल्या वऱ्हाडचा कापूसही त्याच गिरण्यांकडे जाऊ लागला.

परंतु या मुलाचे लक्ष सुताकडे नव्हते, ते यंत्रांकडे होते. यंत्रे त्याला आवडत, आणि त्यांचा खडबडीतपणा त्याला खुपे. चाके हलत, दांडे घासत, कोणताही भाग दुसऱ्याशी नीट जुळत नसे. इतरांना यात काही वावगे दिसत नव्हते. यंत्र चालते आहे ना, मग झाले! उमेदवारीची चार वर्षे संपताच त्याने भागीदारीवर पाणी सोडले आणि मँचेस्टरच्या कारखान्यात साधा कारागीर म्हणून तो काम करू लागला. सुखवस्तू होण्याची चालून आलेली वाट सोडून हाती कानस घेणे त्याच्या आप्तांना रुचले असेल, असे वाटत नाही.

पुढे तो लंडनला गेला. तेथे हेन्री मॉडस्ले या थोर यंत्रकाराचा कारखाना होता. आटे अचूक पाडणारी लेथ नावारूपास आणण्यात मॉडस्लेचा वाटा फार मोठा. लेथवर लोखंडी दांडा गरगर फिरतो आणि धारदार हत्यार ठरलेल्या गतीने त्याच्या बाजूने सरकते. त्यामुळे दांड्यावर मळसूत्रासारखी खाच उमटत जाते. हीच आट्यांची घडण होय. मॉडस्लेच्या हाताखाली व्हिटवर्थला अचूकपणाची गोडी लागली.

तेथेच त्याने एका अवघड प्रश्नास हात घातला. लोखंडाचा अगदी सपाट पृष्ठभाग तयार करावयाचा कसा? कारागीर दोन पाट कुरुंदाची पूड घालून एकमेकांवर घासत आणि ते जुळले, की सपाट झाले असे मानीत. यात एक फसगत होती. एक पाट किंचित खोलगट आणि दुसरा तितकाच फुगीर असला, तरीही ते जुळतातच! व्हिटवर्थने तीन पाट घेतले. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी आणि तिसरा पहिल्याशी, असे तिन्ही एकमेकांशी जुळले पाहिजेत. एक जरी फुगीर वा खोलगट असला, तरी कोठे ना कोठे भांडण उघडे पडतेच. शिवाय घासण्याऐवजी त्याने निराळी रीत स्वीकारली. पाटावर तेलात कालवलेला तांबडा रंग लावावयाचा, दुसरा पाट त्यावर टेकवावयाचा, रंग लागेल तेवढेच उंचवटे हाताने खरवडून काढावयाचे, आणि पुन्हा आरंभापासून सुरुवात. काम अतिशय चिकाटीचे. दिवसच्या दिवस त्यात जात.

इ. स. १८३३ मध्ये तो मँचेस्टरला परतला आणि स्वतःचा कारखाना काढला. लेथ, रंधायंत्रे, छिद्रे पाडण्याची यंत्रे तेथे तयार होऊ लागली आणि त्यांची कीर्ती लवकरच सर्वत्र पसरली.

परंतु व्हिटवर्थचे नाव आजही कारागिरांच्या तोंडी राहिले आहे ते आट्यांमुळे. त्या काळी आट्यांच्या राज्यात बेबंदशाही होती. प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे. कोणी ते दाट पाडी, कोणी विरळ. कोणाचे टोकदार, कोणाचे बोथट. एका गावच्या बोल्टाला दुसऱ्या गावचा नट बसत नसे. यंत्राचा एक बोल्ट तुटला, तर नवा बोल्ट मूळ कारखान्याकडूनच आणावा लागे, आणि तोवर यंत्र बंद पडून राही.

यावर स्वतःचे आटे सर्वोत्तम असल्याचा डांगोरा पिटणे व्हिटवर्थला सहज शक्य होते. त्याने तसे केले नाही. इंग्लंडातील प्रमुख कारखान्यांतून त्याने नाना तऱ्हेचे स्क्रू व बोल्ट गोळा केले आणि ते एकेक करून मोजले. आट्यांच्या कोनाची सरासरी काढली, ती आली ५५ अंश. तोच कोन त्याने सर्वांसाठी सुचविला. प्रत्येक जाडीच्या बोल्टास इंचात किती आटे असावेत, याचेही कोष्टक केले : पाव इंची बोल्टास २०, अर्ध्या इंचीस १२, एक इंचीस ८. आट्यांचे टोकदार शेंडे ठेचले जातात आणि अणकुचीदार तळाशी तडा जाण्याचे भय असते. म्हणून शेंडा व तळ दोन्ही गोलसर करावेत, असे त्याने ठरविले. इ. स. १८४१ मध्ये लंडनच्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे त्याने ही योजना मांडली. ती कोणा एकाची नव्हती, सर्वांच्या मधली होती. म्हणून कोणालाही ती पूर्णपणे परकी वाटली नाही. मला स्वतःला त्याची ही युक्ती तीन पाटांच्या युक्तीहून मोठी वाटते. हळूहळू आगगाड्यांच्या कारखान्यांनी ती उचलली आणि मग साऱ्या देशाने.

१८५१ साली लंडनला मोठे प्रदर्शन भरले. तेथे व्हिटवर्थच्या यंत्रांनी सर्वांचे लक्ष वेधून घेतले. इंचाच्या दहा लाखाव्या भागाइतका फरक दाखविणारे मापनयंत्रही त्याने तयार केले. पुढे बंदुका व तोफा तयार करण्यात त्याने बरीच वर्षे घालविली. त्याची बंदूक नेमकी होती, तरी ब्रिटिश सैन्याने ती आपली मुख्य बंदूक म्हणून स्वीकारली नाही. स्वभाव हट्टी, आपले म्हणणे तो सहसा सोडीत नसे. १८६८ साली त्याने होतकरू तरुणांसाठी दरसाल तीन हजार पौंडांच्या शिष्यवृत्त्या जाहीर केल्या. त्या मिळविण्यासाठी पुस्तकी ज्ञानाबरोबर हत्यारे चालविण्याचे कौशल्यही दाखवावे लागे. पुढल्याच वर्षी त्याला बॅरोनेट ही पदवी मिळाली. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्याचे निधन झाले. त्याला मूलबाळ नव्हते. त्याच्या संपत्तीतून मँचेस्टरला उद्यान व कलासंग्रहालय उभे राहिले.

व्हिटवर्थचे आटे मात्र इंग्रजी यंत्रांबरोबर देशोदेशी गेले. ते आपल्या जिल्ह्यातही आले. मूर्तिजापूर ते यवतमाळ ही अरुंद रुळांची लहानशी आगगाडी इंग्रजी अमदानीत सुरू झाली. आपण तिला लाडाने ‘शकुंतला’ म्हणत असू. कापूस वाहून नेण्यासाठीच ती बांधली होती. १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन सत्तर वर्षे ती ओढीत होते. १९९४ मध्ये ते थांबले, आणि आता गाडीही थांबली आहे. कापूस येथून मँचेस्टरला जाई आणि मँचेस्टरचे बोल्ट येथे येत!

इकडे अमेरिकेत १८६४ साली विल्यम सेलर्स नावाच्या यंत्रकाराने ६० अंशांचे आटे सुचविले. तीनही बाजू सारख्या असलेल्या त्रिकोणाचा तो कोन. हत्यार घडविण्यास सोपा. तेथील पाइपांचे आटेही ६० अंशांचेच झाले. पुढे मीटर-पद्धतीच्या बोल्टांनीही तोच कोन घेतला. आपल्या देशात मीटर-पद्धत आल्यावर बोल्ट बदलत गेले, परंतु पाण्याचे पाइप ५५ अंशांवरच राहिले. पाइपाची भिंत पातळ असते. तिच्यात खोल खाच पाडली तर ती फाटावयाची. म्हणून एक इंची बोल्टास ८ आटे, तर एक इंची पाइपास ११. गंमत अशी, की एवढ्या जाड-बारीक पाइपांना मिळून इंचात २८, १९, १४ आणि ११ या चारच संख्या पुरतात. पाणी अडावे म्हणून पाइपाच्या टोकाचे आटे किंचित निमुळते ठेवतात : सोळा इंचांच्या लांबीत एक इंच.

आता पुन्हा त्या लेथवाल्याकडे वळू. आटे पाडण्यासाठी हत्याराच्या टोकाशी कार्बाइड नावाच्या अतिकठीण पदार्थाची नखाएवढी टिकली बसवितात. कारागीर तिला इन्सर्ट म्हणतात. टिकलीचा जो घाट, तोच आट्यांचा घाट. काही टिकल्या नुसते टोक असलेल्या असतात. त्यांनी कमी-अधिक दाट असे अनेक प्रकारचे आटे पाडता येतात, पण शेंडा गोल होत नाही. काही टिकल्या एकाच मापाच्या असतात. त्या तळाबरोबर शेंडाही गोल करून देतात. पाण्याच्या जोडाला ही दुसरी जात बरी, असे तो म्हणाला. फळीवरील चार डब्यांपैकी चौदा आट्यांची डबी त्याने उघडली, टिकलीचा कोन ५५ असल्याची खात्री केली, ती हत्यारात बसविली आणि लेथ सुरू केली. एकदम खोल खाच न पाडता, तेल सोडीत, थोडे थोडे लोखंड काढीत तो पुन्हा पुन्हा हत्यार फिरवीत होता. मधूनच थांबून आटे पट्टीने तपाशी. तासाभरात तुकडा तयार झाला.

तो आम्ही त्याच सायंकाळी टाकीस बसविला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी टाकीखाली वाकून पाहिले. जमीन कोरडी होती.