एका थेंबात एकच जीवाणू

जोसेफ लिस्टर हे नाव जंतुरोधक शस्त्रक्रियेमुळे सर्वांना ठाऊक आहे. पण दुधावरच्या एका प्रयोगाने त्यांनी प्रयोगशाळांना जी युक्ती दिली, ती मात्र फारशी सांगितली जात नाही.

लिस्टर यांचा जन्म ५ एप्रिल १८२७ रोजी इंग्लंडमधील अप्टन येथे झाला. वडील मद्याचे व्यापारी, पण सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत मोलाची सुधारणा करणारे. साहजिकच सूक्ष्मदर्शकातून पाहण्याची सवय मुलाला घरातूनच लागली. लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेऊन ते एडिंबरोला गेले. १८५६ मध्ये अ‍ॅग्नेस साइम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. अ‍ॅग्नेस प्रयोगांतही त्यांच्या सहकारी होत्या. प्रयोगांच्या वह्यांतील बरीच पाने त्यांच्याच हस्ताक्षरात आहेत.

त्या काळी शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही रुग्ण जखम चिघळून दगावत. पाश्चरचे संशोधन वाचून लिस्टर यांनी ग्लासगो येथे ऑगस्ट १८६५ मध्ये गाडीच्या चाकाखाली पाय मोडलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या जखमेवर कार्बोलिक आम्लाची पट्टी बांधली. पाय वाचला. त्यांच्या नोंदींनुसार आधी अवयव कापलेल्या ३५ पैकी १६ रुग्ण दगावले होते. नंतरच्या ४० पैकी सहा.

तरीही अनेक डॉक्टरांचा आक्षेप कायम होता. जंतू हे सडण्याचे कारण की परिणाम? आणि एकच जंतू रूप बदलून वेगवेगळी कामे करतो की प्रत्येक कामाचा जंतू वेगळा? खुद्द लिस्टर यांनीही १८७३ मध्ये जंतू बरेच रूप बदलतो असा निष्कर्ष काढला होता. त्यांच्याकडील नमुने भेसळीचे होते, हे तेव्हा लक्षात आले नव्हते. ही चूक सुधारायची तर एकाच जीवाणूपासून वाढलेला शुद्ध वंश हाती हवा होता.

१८७७ मध्ये ते लंडनच्या किंग्ज कॉलेजात आले आणि त्यांनी आंबलेले दूध प्रयोगाला घेतले. दुधाच्या अतिसूक्ष्म, मोजलेल्या थेंबातील जीवाणू त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. त्यावरून किती उकळलेले पाणी घातले म्हणजे एका थेंबात सरासरी एकच जीवाणू येईल, याचा हिशेब केला. थेंब मोजण्यासाठी त्यांनी स्क्रू फिरवून चालणारी खास पिचकारी वापरली. मग असा एकेक थेंब उकळलेल्या दुधाच्या वेगवेगळ्या पेल्यांत सोडला. काही पेल्यांतले दूध आंबून घट्ट झाले, काहींतले जसेच्या तसे राहिले. न आंबलेल्या दुधात जीवाणू नव्हते. आंबलेल्या प्रत्येक पेल्यात एकाच प्रकारचे होते. दूध पाण्यामुळे किंवा हवेमुळे आंबत असते, तर सर्वच पेले आंबले असते. १८७८ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. तोच जीवाणू आज लॅक्टोकोकस लॅक्टिस म्हणून ओळखला जातो.

हा हिशेब आजही तसाच करतात. एका मिलिलिटरमध्ये दहा लाख पेशी असतील, तर त्यातला एक मिलिलिटर नऊ मिलिलिटर द्रावात मिसळला की मिलिलिटरमागे एक लाख उरतात. असे सहा वेळा केले की सरासरी एक. पण सरासरी एक म्हणजे प्रत्येक वाट्याला नेमकी एक नव्हे. शंभर वाटे केले तर सुमारे ३७ रिकामे, ३७ मध्ये एक आणि उरलेल्या २६ मध्ये एकापेक्षा जास्त पेशी जातात. म्हणून एकाच पेशीचा वंश हवा असेल तेव्हा द्रव याहूनही पातळ करतात आणि बरेच वाटे रिकामे जाणार हे गृहीत धरतात. एकसारखी प्रतिपिंडे तयार करणाऱ्या पेशी वेगळ्या काढण्यासाठी ही पद्धत अजूनही वापरली जाते.

पद्धतीत उणीवही होती. नमुन्यात जो जीवाणू सर्वांत जास्त, तोच शेवटी हाती लागे. १८८१ मध्ये रॉबर्ट कॉख यांनी घट्ट माध्यमावर जीवाणूंच्या वेगवेगळ्या वसाहती वाढवण्याची सोपी रीत लंडनमध्ये दाखवली, तीही लिस्टर यांच्याच प्रयोगशाळेत.

१८९३ मध्ये अ‍ॅग्नेस यांचे निधन झाले. १८९५ ते १९०० या काळात लिस्टर रॉयल सोसायटीचे अध्यक्ष होते. १० फेब्रुवारी १९१२ रोजी वॉल्मर येथे त्यांचे निधन झाले. शस्त्रक्रियागृहातील स्वच्छता त्यांची आठवण ठेवते, तशीच प्रयोगशाळेत ओळीने मांडलेल्या, पातळ होत जाणाऱ्या द्रवाच्या नळ्याही ठेवतात.