समजून घ्या : लिव्हिंगस्टन यांच्या अंत्ययात्रेत नाशिकमध्ये शिकलेला तरुण कसा पोहोचला? जेकब वेनराइट यांची गोष्ट

१८ एप्रिल १८७४. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये आफ्रिकेचे प्रसिद्ध संशोधक आणि मिशनरी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्यावर अंत्यसंस्कार होत होते. शवपेटीसोबत चालण्याचा मान आठ जणांना मिळाला होता. त्यांत लिव्हिंगस्टन यांना शोधून काढणारे हेन्री स्टॅन्ली होते, झांझिबारमधील ब्रिटिश अधिकारी जॉन कर्क होते आणि एकच आफ्रिकी तरुण होता. त्याचे नाव जेकब वेनराइट. त्याचे शिक्षण झाले होते नाशिकच्या शरणपूरमध्ये.

शरणपूर रोडवरून रोज हजारो नाशिककर जातात. या रस्त्याच्या नावात ‘शरण’ का आहे, याचे उत्तर जेकब यांच्या आयुष्यात सापडते.

जेकब वेनराइट मूळचे कुठले?

जेकब यांचा जन्म याओ समाजातला. हा समाज पूर्व आफ्रिकेत, न्यासा म्हणजेच आजच्या मलावी सरोवराच्या आसपास राहतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात हा सगळा टापू युद्धांनी पोळला होता. दक्षिणेकडून आलेल्या न्गोनी टोळ्यांचे हल्ले, आपसातल्या लढाया आणि दुष्काळ यांमुळे गावेच्या गावे उठत होती. पकडलेली माणसे साखळदंडाने बांधून किनाऱ्याकडे हाकली जात. तिथून ती झांझिबारच्या बाजारात आणि पुढे अरबस्तान व इराणच्या आखाताकडे विकली जात. याओंमधले काही जण स्वतः या व्यापारात होते, तर काही जण त्याच व्यापाराचे बळी होते. जेकब बळींपैकी एक. ते लहानपणीच पकडले गेले.

मग ते नाशिकला कसे आले?

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली होती. पुढे ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची गलबते अडवू लागले. पण सोडवलेल्या मुलांचे करायचे काय, हा प्रश्न होता. आपले गाव नेमके कुठे, हे अनेकांना सांगता येत नव्हते. पुन्हा किनाऱ्यावर सोडले तर पुन्हा पकडले जाण्याची भीती होती. त्यामुळे यातल्या अनेकांना एडन, सेशेल्स, मॉरिशस आणि मुंबईत उतरवले जाई.

मुंबईतील मुलांपैकी काहींची सोय नाशिकला झाली. चर्च मिशनरी सोसायटीच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४-५५ च्या सुमारास शहराच्या पश्चिमेला ख्रिस्ती वसाहत उभारली. तेच शरणपूर. धर्मांतरानंतर घरातून आणि जातीतून बाहेर काढल्या गेलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांसाठी आणि अनाथ मुलांसाठी ते आश्रयाचे ठिकाण होते. १८६० च्या सुमारास तिथे आफ्रिकी मुलांसाठीचा आश्रमही सुरू झाला. म्हणजे समाजाने बाहेर काढलेले मराठी लोक आणि समुद्रापलीकडून उखडलेली आफ्रिकी मुले एकाच आवारात राहू लागली.

नाव आणि धर्म कसा बदलला?

शरणपूरमध्ये मुलांना इंग्रजी, बायबल आणि सुतारकाम, लोहारकाम यांसारखे हुन्नर शिकवले जात. बाप्तिस्म्यासोबत नवे नाव मिळे. रिचर्ड आयझेनबर्ग, सायमन प्राइस, कॅरस फरार ही विद्यार्थ्यांची नावे पाहिली तर त्यांत मिशनऱ्यांची आडनावे दिसतात. जेकब वेनराइट हे नावही असेच नवे होते. आईवडिलांनी ठेवलेले नाव मागे पडले.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. अरब व्यापाऱ्यांच्या संपर्कातून पुढच्या काही दशकांत याओ समाज मोठ्या प्रमाणावर मुस्लिम झाला आणि आजही तो बहुसंख्येने मुस्लिम आहे. जेकब पकडले गेले नसते, तर कदाचित त्यांचाही धर्म तोच झाला असता. गलबत कोणी अडवले आणि मूल कुठे उतरवले, यावर त्याचा धर्म ठरला.

महाराष्ट्राला हे नवीन नव्हते. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर वाटेत मुस्लिम झाला आणि सतराव्या शतकात निजामशाहीचा कर्ताधर्ता बनला. सुमारे अडीचशे वर्षांनी त्याच समुद्रावरून आलेली मुले नाशिकमध्ये ख्रिस्ती झाली.

लिव्हिंगस्टन यांच्याशी संबंध कसा आला?

१८६५ मध्ये लिव्हिंगस्टन स्वतः नाशिकला आले होते. आपल्या नव्या मोहिमेसाठी त्यांनी शरणपूरमधील काही तरुणांना सोबत नेले. आफ्रिकेत या तरुणांना ‘नाशिक बॉइज’ म्हटले जाऊ लागले.

जेकब १८७२ च्या तुकडीतले. लिव्हिंगस्टन यांचा शोध घेण्यासाठी निघालेल्या मोहिमेत ते आणि मॅथ्यू वेलिंग्टन यांच्यासह शरणपूरचे सहा तरुण होते. ती मोहीम मोडली, पण स्टॅन्ली यांनी पाठवलेल्या माणसांबरोबर हे सहा जण ऑगस्ट १८७२ मध्ये लिव्हिंगस्टन यांच्यापर्यंत पोहोचले.

मे १८७३ च्या सुरुवातीला आजच्या झांबियातील चितांबोच्या गावात लिव्हिंगस्टन यांचा मृत्यू झाला. सुसी आणि चुमा या जुन्या साथीदारांच्या पुढाकाराने तांड्याने देह मायदेशी पाठवण्याचे ठरवले. हृदय एका झाडाखाली पुरले गेले. इंग्रजी लिहिता-वाचता येणारे जेकब यांनी तिथे ख्रिस्ती प्रार्थना वाचली, झाडावर नाव आणि तारीख कोरली आणि मागे राहिलेल्या सामानाची यादी केली. मीठ लावून उन्हात वाळवलेला देह कापडात आणि झाडाच्या सालीत गुंडाळून तांडा निघाला.

प्रवास दीड हजार किलोमीटरहून अधिक. वाटेत मृतदेह नेण्यास विरोध झाला, तेव्हा तो कापडाचा गठ्ठा असल्याचे भासवावे लागले. आजच्या टांझानियातील उन्यान्येंबे येथे ब्रिटिश अधिकारी कॅमेरॉन यांनी देह तिथेच पुरण्याचा सल्ला दिला. तांड्याने तो मानला नाही. फेब्रुवारी १८७४ मध्ये ते बागामोयोच्या किनाऱ्यावर पोहोचले. याच किनाऱ्यावरून हजारो माणसे गुलाम म्हणून पाठवली गेली होती.

पुढे शवपेटीसोबत जहाजाने इंग्लंडला गेले ते जेकब. त्यांचा खर्च चर्च मिशनरी सोसायटीने केला. सुसी आणि चुमा नंतर पोहोचले, तोवर अंत्यसंस्कार होऊन गेले होते.

आफ्रिकेत परतल्यावर काय झाले?

इंग्लंडमध्ये जेकब यांना सभांमधून मिरवले गेले. निष्ठावान सेवक म्हणून त्यांचे कौतुक झाले. याच सुमारास मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या सूचनेवरून मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी ‘फ्रिअर टाउन’ वसवण्यात आले. ते उभारायला गेले शरणपूरचेच प्राइस. नाशिक-मुंबईतील आफ्रिकी लोकांना तिकडे नेण्यात आले आणि शरणपूरचा आफ्रिकी आश्रम ओसरला.

घरी परतल्यावर तरी प्रश्न सुटेल, असे वाटले होते. तसे झाले नाही. मोम्बासाच्या लोकांना इंग्रजी बोलणारी, वेगळे कपडे घालणारी ही माणसे परकी वाटली. तिथे त्यांना ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणत. दुसरीकडे, गोऱ्या मिशनऱ्यांशी पगारावरून आणि वागणुकीवरून त्यांचे खटके उडाले. धर्म एक होता, पण दर्जा एक नव्हता.

तरी यांतल्या काहींनी आपली जागा निर्माण केली. शरणपूरमध्ये शिकलेले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर यांना १८८५ मध्ये चर्चची दीक्षा मिळाली आणि पूर्व आफ्रिकेच्या अँग्लिकन चर्चमधील ते पहिल्या आफ्रिकी धर्मगुरूंपैकी ठरले. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोम्बासात जगले.

जेकब यांच्या वाट्याला असे स्थैर्य आले नाही. शेवटी ते टांझानियातील उरांबो येथील दुसऱ्या मिशनच्या आश्रयाला होते. तिथेच १८९२ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज हे का आठवायचे?

युद्धामुळे घर सुटलेल्या माणसाला आपण पहिला प्रश्न विचारतो : तू कुठला, कोणत्या धर्माचा? जेकब यांच्याकडे या प्रश्नाचे एका शब्दात देता येईल असे उत्तर नव्हते. जन्माने याओ, श्रद्धेने ख्रिस्ती, लंडनमध्ये आफ्रिकी आणि आफ्रिकेत नाशिकचे. यातली बहुतेक ओळख दुसऱ्यांनी लादलेली होती. पण चितांबोच्या गावात ज्या भाषेने आणि ज्या प्रार्थनेने त्यांनी एका माणसाला निरोप दिला, ती त्यांनी आपलीशी केलेली होती.

आफ्रिकेच्या इतिहासात ‘नाशिक बॉइज’ हे नाव टिकून आहे. नाशिकमध्ये मात्र त्यांच्यापैकी कोणाचे नाव आज सहसा कानावर पडत नाही. त्यांना आसरा देणाऱ्या वसाहतीचे नाव तेवढे रस्त्याच्या पाटीवर उरले आहे.