फ्रित्यॉफ नान्सेन

फ्रित्यॉफ नान्सेन (१० ऑक्टोबर, इ.स. १८६१ - १३ मे, इ.स. १९३०) हे नॉर्वेचे ध्रुवीय संशोधक, प्राणिशास्त्रज्ञ, समुद्रशास्त्रज्ञ व मुत्सद्दी होते. सांगाड्यावर कातडे किंवा कापड ताणून बनवलेल्या हलक्या होडीला त्यांच्या दोन्ही मोठ्या मोहिमांत महत्त्वाचे स्थान होते.

ग्रीनलँड

नान्सेन यांचा जन्म ख्रिस्तियानिया (आताचे ओस्लो) शहराजवळ झाला. इ.स. १८८८ मध्ये त्यांनी पाच सहकाऱ्यांसह ग्रीनलँडचा हिमप्रदेश पूर्वेकडून पश्चिमेकडे स्कीवरून ओलांडला. पश्चिम किनारा आला, तरी गॉटहॉब ही वसाहत दूर होती आणि होडी नव्हती. तेव्हा नान्सेन व ओटो स्वेर्द्रुप यांनी विलोच्या झुडपांच्या फांद्या वाकवून सांगाडा केला आणि त्यावर तंबूत अंथरायचे कापड शिवले. कासवाच्या पाठीसारख्या या बेढब होडीतून पाणी उपसत दोघे गॉटहॉबला पोहोचले. युरोपला जाणारे वर्षातले शेवटचे जहाज मात्र निघून गेले होते. त्यामुळे मिळालेल्या हिवाळ्यात नान्सेन स्थानिक इनुइट लोकांकडून कयाक वल्हवायला शिकले. पुढील प्रवासाच्या दृष्टीने हा मुक्काम मोलाचा ठरला.

फ्राम मोहीम

इ.स. १८९३ मध्ये 'फ्राम' जहाज हेतुपुरस्सर बर्फात अडकवून प्रवाहाबरोबर उत्तर ध्रुवाकडे वाहू द्यायचे, अशी नान्सेन यांची योजना होती. जहाज ध्रुवापर्यंत पोहोचणार नाही हे दिसताच त्यांनी यालमार योहान्सेनसह पायी निघण्याचे ठरवले. जहाजावरच दोन कयाक तयार झाल्या. बांबूचा सांगाडा दोरीने बांधून त्यावर शिडाचे कापड ताणले होते. सुमारे ३.७ मीटर लांबीच्या या कयाक इनुइट कयाकांपेक्षा आखूड व रुंद असल्याने वेगात कमी पडत. पण त्या घसरगाडीवर लादता येत आणि त्यांत सामान मावे. १४ मार्च १८९५ रोजी दोघे निघाले व ८६° १४' उत्तर अक्षांशापर्यंत जाऊन परत फिरले. बर्फाच्या उंचवट्यांवर आपटून कापड फाटे. ते पुन्हा पुन्हा शिवावे लागे.

फ्रान्झ जोसेफ लँड येथे दगडी खोपटात हिवाळा काढल्यावर जून १८९६ मध्ये एकत्र बांधलेल्या कयाक दोर सुटून वाहत गेल्या. अन्न, शस्त्रे सर्व त्यांतच होते. नान्सेन यांनी गोठवणाऱ्या पाण्यात पोहत जाऊन त्या परत आणल्या. तीन दिवसांनी वॉलरसने सुळ्याने नान्सेन यांच्या कयाकचे कापड फाडले. दुरुस्तीसाठी थांबले असतानाच, १७ जून रोजी, त्यांना कुत्र्यांचे भुंकणे ऐकू आले. ब्रिटिश संशोधक फ्रेडरिक जॅक्सन यांचा तळ जवळच होता.

उत्तरायुष्य

नान्सेन इ.स. १९०६ ते १९०८ या काळात लंडनमध्ये नॉर्वेचे राजदूत होते. इ.स. १९२१ मध्ये ते राष्ट्रसंघाचे निर्वासितांसाठीचे उच्चायुक्त झाले. देश नसलेल्या निर्वासितांना ओळख देणारे 'नान्सेन पारपत्र' इ.स. १९२२ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. ओस्लोजवळील लिसाकर येथे त्यांचे निधन झाले.