विश्लेषण : मेंदूच्या लहरी पहिल्यांदा टिपणारे हान्स बर्गर कोण होते? त्यांचा वारसा वादग्रस्त का ठरतो?

सातारा-सांगलीकडे ज्याला फिट येणे, फेफरे किंवा आकडी म्हणतात, तो आजार म्हणजे अपस्मार. त्याच्या तपासणीसाठी मिरज, कराड, सांगली किंवा साताऱ्यात रुग्णाच्या डोक्याला तारा लावून मेंदूचा आलेख काढतात. तोच ईईजी. हा आलेख आता संगणकही वाचू शकतो आणि झटक्याची शक्यता असलेली जागा आपोआप दाखवतो. या साऱ्याची सुरुवात झाली जर्मन मानसोपचारतज्ज्ञ हान्स बर्गर यांच्यापासून. मात्र अपस्मार डोळ्यांना दिसेल असे साधन जगाला देणारे बर्गर पुढे अशा न्यायालयात बसले, जिथे अपस्माराच्या रुग्णांवरही सक्तीच्या नसबंदीची टांगती तलवार होती.

हान्स बर्गर कोण होते?

बर्गर यांचा जन्म २१ मे १८७३ रोजी जर्मनीतील कोबुर्गजवळच्या नॉयसेस गावी झाला. वडील डॉक्टर होते. आईचे वडील फ्रीडरिश र्‍यूकर्ट हे कवी आणि संस्कृतचे जाणकार. जयदेवांचे गीतगोविंद आणि नल-दमयंतीची कथा त्यांनी जर्मनमध्ये नेली होती.

बर्गर यांना मात्र खगोलशास्त्रज्ञ व्हायचे होते. शिक्षण अर्धवट सोडून ते वर्षभरासाठी लष्करात गेले. तिथे कवायतीत ते घोड्यावरून पडले आणि मागून येणाऱ्या तोफगाड्याखाली जाता जाता वाचले. त्याच दिवशी घरून त्यांची खुशाली विचारणारी तार आली. भावाचे काहीतरी बरेवाईट झाले असावे, असे बहिणीला अचानक वाटले होते आणि तिने वडिलांना तार करायला लावली होती. एका मेंदूतून दुसऱ्या मेंदूकडे काही ऊर्जा जाते का, हा प्रश्न बर्गर यांच्या डोक्यात तेव्हा शिरला तो कायमचा. त्यांनी वैद्यकशास्त्र निवडले. येना येथील मानसोपचार रुग्णालयात १८९७ साली ते रुजू झाले आणि १९१९ मध्ये तिथले प्रमुख झाले.

पहिला आलेख कसा मिळाला?

प्राण्यांच्या मेंदूत वीज असते, हे लिव्हरपूलचे रिचर्ड केटन यांनी १८७५ मध्येच दाखवले होते. माणसाच्या मेंदूत ती मोजायची तर प्रश्न होता तिच्या क्षीणपणाचा. कवटीवर पोहोचणारा हा दाब व्होल्टच्या काही दशलक्षांश भागांइतकाच असतो. बर्गर यांनी आधी मेंदूतला रक्तप्रवाह मोजून पाहिला, मेंदूचे तापमान मोजून पाहिले. वर्षानुवर्षे हाती फारसे काही लागले नाही.

अखेर ६ जुलै १९२४ रोजी, मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्या १७ वर्षांच्या एका मुलाच्या डोक्यावरून त्यांना हलणारी रेषा मिळाली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्थेचे काम काले गावाहून साताऱ्यात आणले ते हेच वर्ष.

त्यानंतरची पाच वर्षे बर्गर गप्प राहिले. ही रेषा खरेच मेंदूची आहे की हृदयाच्या ठोक्याची, स्नायूंची, की उपकरणातील दोषाची, याची ते पुन्हा पुन्हा खातरजमा करत होते. स्वतःचा मुलगा क्लाउस याच्यावरही त्यांनी अनेकदा प्रयोग केले. १९२९ साली पहिला निबंध छापून आला. डोळे मिटून शांत पडल्यावर सेकंदाला साधारण दहा वेळा उठणाऱ्या लहरींना आज अल्फा, तर त्यांहून जलद लहरींना बीटा म्हणतात. ही नावे बर्गर यांचीच.

जगाने दखल कधी घेतली?

सुरुवातीला घेतलीच नाही. एकटेच काम करणाऱ्या या अबोल प्राध्यापकाच्या रेषांवर सहकाऱ्यांचाही विश्वास नव्हता. १९३४ मध्ये केंब्रिजचे नोबेल विजेते एडगर एड्रियन यांनी ब्रायन मॅथ्यूज यांच्यासह तोच प्रयोग करून दाखवला, तेव्हा चित्र पालटले.

बर्गर यांनी अपस्माराच्या रुग्णांचेही आलेख काढले होते. पण झटक्यात शरीर हलते, स्नायूंची वीज आलेखात मिसळते, म्हणून ते साशंक राहिले. १९३५ मध्ये अमेरिकेत बोस्टन येथे फ्रेडरिक गिब्स, हॅलोवेल डेव्हिस आणि विल्यम लेनॉक्स यांनी एक निश्चित खूण मांडली. काही मुले बोलता बोलता क्षणभर शून्यात पाहत राहतात. त्यांच्या आलेखात नेमक्या त्याच वेळी सेकंदाला तीन या गतीने टोकदार शिखर आणि लाट यांची जोडी उमटते. अपस्मार म्हणजे बाहेरची बाधा नव्हे, तर मेंदूतला विजेचा बिघाड, याचा पुरावा आता कागदावर होता.

संगणक झटका कसा ओळखतो?

याचेही मूळ येनातच सापडते. १९३२ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ ग्युंटर डीट्श यांनी बर्गर यांच्या साथीने आलेखातील गुंतागुंतीची रेषा गणिताने वेगवेगळ्या गतीच्या साध्या लहरींमध्ये फोडली. ही आकडेमोड हाताने करावी लागे. आज तीच पद्धत संगणक क्षणात वापरतो.

त्याची गरजही मोठी आहे. पडद्यावर एका पानात दहा सेकंदांचा आलेख मावतो असे धरले, तर २४ तासांच्या नोंदीची ८,६४० पाने होतात. माँट्रियलचे जाँ गॉटमन यांनी १९७० आणि ८० च्या दशकांत यासाठी पद्धती बसवल्या. आधीच्या शांत आलेखाच्या तुलनेत लहरींची उंची अचानक वाढली का, त्या एकाच तालात येतात का आणि तो ताल काही सेकंद टिकतो का, हे संगणक तपासतो. नव्या प्रणालींना डॉक्टरांनी खुणा केलेले हजारो तासांचे आलेख दाखवून शिकवले जाते. अतिदक्षता विभागातील बेशुद्ध रुग्णाला किंवा नवजात बाळाला शरीर न हलता झटके येत असतील, तर ते ईईजीशिवाय कळत नाहीत. तिथे वेळेवर मिळालेला इशारा मोलाचा ठरतो.

पण संगणक फसतोही. घास चावण्याचा ताल, थंडीची थरथर, सैल झालेली तार हे सगळे त्याला झटक्यासारखे वाटू शकते. उलट मेंदूत खोलवर उठलेला छोटा झटका निसटूही शकतो. बर्गर यांना पाच वर्षे छळणारा प्रश्न, म्हणजे ही रेषा मेंदूची की आणखी कशाची, आजही कायम आहे. त्यामुळे अंतिम निर्णय डॉक्टरांचाच असतो.

वारसा वादग्रस्त का?

हिटलर सरकारने १९३३ मध्ये आनुवंशिक रोग रोखण्याच्या नावाखाली सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्याच्या यादीत आनुवंशिक अपस्मार होता. या कायद्याखाली सुमारे चार लाख लोकांची नसबंदी झाली. निर्णय देण्यासाठी खास न्यायालये होती आणि त्यांत डॉक्टर बसत.

बर्गर नाझींच्या विरोधात होते, म्हणून १९३८ मध्ये त्यांना पदावरून दूर केले गेले, असे युद्धानंतर कित्येक दशके सांगितले जात होते. पुढे कागदपत्रे तपासली गेली तेव्हा वेगळेच दिसले. ते एसएस या नाझी संघटनेचे आर्थिक साह्य करणारे सदस्य होते आणि येनातील आनुवंशिक आरोग्य न्यायालयाच्या कामातही होते. निवृत्तीनंतर १९४१ मध्ये पुन्हा बोलावणे आले, तेव्हा त्यांनी होकार कळवला होता. त्याच वर्षी १ जून रोजी, नैराश्याने ग्रासलेले असताना, त्यांनी आत्महत्या केली.

स्वतःच्या आलेखावर पाच वर्षे शंका घेणाऱ्या या संशोधकाने, आजारी माणसाला मूल होऊ द्यावे की नाही हे ठरवणाऱ्या कायद्यावर तशी शंका घेतल्याचे दिसत नाही.

आपल्याकडे काय घडले?

भारतात नसबंदीचा असा कायदा नव्हता, पण अपस्मारावरचा शिक्का कायद्यात होता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने अपस्माराचे वारंवार येणारे झटके विवाहाच्या अटींत आले. त्या आधारे विवाह रद्द ठरवून घेता येत असे. १९९९ च्या दुरुस्तीने अपस्मार हा शब्द वगळला गेला. कायदा बदलला तरी स्थळ मोडेल या भीतीने मुलीच्या गोळ्या लपवणे किंवा बंद करणे थांबलेले नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मते जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि योग्य उपचार मिळाल्यास त्यांतील ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांविना जगू शकतात. आजार दर वेळी आनुवंशिक नसतो. डोक्याला मार, जन्मताना प्राणवायू कमी पडणे, पक्षाघात, मेंदूत गेलेली पट्टकृमीची अळी हीही कारणे असतात.

रुग्णाने काय लक्षात ठेवावे?

- ईईजी नॉर्मल आला म्हणजे अपस्मार नाही, असे नसते. आलेखात दोष दिसला म्हणजे अपस्मार आहेच, असेही नसते. झटका कसा आला हे पाहणाऱ्याने सांगितलेली माहिती तितकीच महत्त्वाची. शक्य असल्यास मोबाइलवर व्हिडीओ काढून डॉक्टरांना दाखवावा.
- झटका आल्यास रुग्णाला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवून उपयोग होत नाही.
- झटका पाच मिनिटांहून जास्त टिकला तर तातडीने रुग्णालय गाठावे.
- गोळ्या डॉक्टरांना न विचारता बंद करू नयेत, लग्न ठरले तरीही.