वेदनेला वहीत जागा देणारी फ्रिडा

मेक्सिकोची चित्रकार फ्रिडा काहलो म्हटले, की जुळलेल्या भुवया, केसांत माळलेली फुले आणि थेट आपल्याकडे पाहणारी तिची आत्मचित्रे आठवतात. ही चित्रे जगाने पाहिली. आयुष्याच्या शेवटच्या दहा वर्षांत मात्र ती आणखी काहीतरी करत होती, फक्त स्वतःसाठी. ती रोजनिशी लिहीत होती.

फ्रिडाचा जन्म १९०७ मधला, मेक्सिको सिटीजवळच्या कोयोआकान गावचा. सहाव्या वर्षी पोलिओ झाला आणि उजवा पाय कायमचा बारीक राहिला. मुलगी हुशार होती. डॉक्टर व्हायचे म्हणून तिने नामांकित शाळेत प्रवेश मिळवला. पण १७ सप्टेंबर १९२५ रोजी ती बसने घरी येत असताना ट्रामची धडक बसली. लोखंडी दांडा ओटीपोटातून आरपार गेला, पाठीचा कणा तीन ठिकाणी मोडला आणि आधीच अधू असलेल्या पायाची हाडे अनेक जागी तुटली. तेव्हा ती १८ वर्षांची होती.

डॉक्टर होण्याचे स्वप्न तिथेच संपले. महिनोन् महिने ती पलंगावर पडून होती. झोपून चित्रे काढता यावीत म्हणून आईने खास घोडी बनवून घेतली. पलंगावर आरसा बसवला. समोर दिसणारा एकच चेहरा, म्हणजे स्वतःचा, ती रंगवू लागली. पुढे १९२९ मध्ये प्रसिद्ध चित्रकार दिएगो रिवेरा याच्याशी लग्न, गर्भपाताचे दुःख, १९३९ मध्ये घटस्फोट आणि पुढच्याच वर्षी त्याच्याशी पुन्हा लग्न. शस्त्रक्रिया तर आयुष्यभर होतच राहिल्या.

१९४४ च्या सुमारास पाठीचे दुखणे वाढले, तिला पोलादी पट्टा घालून राहावे लागले. याच काळात तिने वही उघडली. दीडशेहून अधिक पानांच्या या वहीत रोजचा हिशेबी वृत्तांत नाही. रंगीत शाईतले शब्द आहेत, सांडलेल्या शाईच्या डागातून घडवलेल्या आकृत्या आहेत, दिएगोला उद्देशून लिहिलेला मजकूर आहे, बालपणीच्या आठवणी आहेत आणि आजारपणाच्या नोंदीही आहेत. काही ठिकाणी वाक्ये अर्धवट सुटली आहेत. नीटनेटके दिसण्याचे बंधन तिथे नव्हते.

१९५० चे बहुतेक वर्ष तिने रुग्णालयात काढले. १९५३ मध्ये गँगरीनमुळे उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्या काळात तिने वहीत दोन पावले काढली. मूर्तीसारखी चबुतऱ्यावर ठेवलेली, तुटलेली, नडगीतून काटेरी फांद्या फुटलेली. त्याच पानावर पंखांचा उल्लेख आहे. भीती आणि उमेद या दोन्हींना एकाच पानावर जागा मिळाली.

वहीने तिला बरे केले का? नाही. पाय गेल्यानंतर तिची निराशा इतकी गडद झाली, की आयुष्य संपवावेसे वाटल्याची नोंदही वहीत आहे. १३ जुलै १९५४ रोजी, वयाच्या ४७ व्या वर्षी तिचे निधन झाले. पण जे कोणापाशी बोलता येत नव्हते, ते मांडण्याची जागा तिच्याकडे शेवटपर्यंत होती. ही वही १९९५ मध्ये पुस्तकरूपाने जगासमोर आली.

अशा लेखनाचा परिणाम विज्ञानानेही तपासला आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज १५ मिनिटे, आयुष्यातल्या सर्वात क्लेशदायक प्रसंगाविषयी लिहायला सांगितले होते. लिहून झाल्यावर लगेच त्यांना अधिक उदास वाटले. पण ज्यांनी घटना आणि त्याबद्दलच्या भावना असे दोन्ही लिहिले, त्यांच्या आरोग्य केंद्रातल्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांच्या तुलनेत कमी झाल्या. मनात घोळणारे शब्दांत आणले की त्याला क्रम येतो, ते दडपून ठेवण्याचा ताण हलका होतो, असे यामागचे एक स्पष्टीकरण आहे. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा लाभ सरासरीने लहानच दिसला आणि तो प्रत्येकाला होतो असेही नाही.

म्हणून वही हे औषध समजू नये, आधार समजावा. लिहायचे असेल तर १०-१५ मिनिटे पुरतात. शुद्धलेखनाची काळजी नको, शब्द सुचले नाहीत तर रेघोट्याही चालतील. काय घडले एवढेच न लिहिता त्या वेळी काय वाटले, तेही लिहावे. फार ताज्या आघाताविषयी लिहिताना त्रास वाढत असेल, तर थांबावे. तोच विचार पानोपानी गोल फिरत असेल, झोप-भूक उडाली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर वही बाजूला ठेवून माणसाशी बोलावे. घरच्यांशी, मानसोपचारतज्ज्ञांशी किंवा ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर. फ्रिडाच्या वहीने तिचे ऐकून घेतले. उत्तर द्यायला मात्र माणूसच लागतो.